सेल्मरवरचं गवत

दर शनिवारी सकाळी ऑर्फा ब्रेके कात्री घेऊन नवऱ्याकडे जायची.

कात्री शिवणकामाची नव्हे, मेंढ्यांची लोकर कातरायची. दोन रुंद पाती, मागे वाकवलेली पोलादी पट्टी, मुठीत दाबली की मिटते आणि सोडली की आपणहून उघडते. तिच्या सासऱ्याची होती. मेंढ्या जाऊन साठ वर्षं झाली, सासरा जाऊन पन्नास, पण कात्रीची धार होती तशीच. गुडघ्याखाली कोंड्याचं रिकामं पोतं दुमडून घालायचं, सेल्मरच्या डोक्यापासून सुरुवात करायची आणि पायापाशी संपवायचं. तीन फूट रुंद, आठ फूट लांब. तेवढ्या तुकड्यात गवत बोटभर, आणि भोवतीच्या सगळ्या टेकडीवर वाढेल तेवढं. एखाद्यानं झिपऱ्या राखाव्यात आणि टाळूवर मात्र वस्तरा फिरवून घ्यावा, तसं ते रस्त्यावरून दिसायचं.

टपालवाला तिथे गाडी हळू करून हात करायचा. ऑर्फाचे दोन्ही हात कात्रीत गुंतलेले, ती काही उलट हात करायची नाही. आयोवाच्या त्या कोपऱ्यात समोरच्यानं हात केला आणि आपण केला नाही, असं होत नाही. तेव्हा टपालवाल्यानं घरोघरी सांगितलं, की ब्रेकेंच्या म्हातारीची नजर गेली.

नजर शाबूत होती. वचन दिलेलं होतं, एवढंच.

सेल्मर गेला तेव्हा सत्तावन्न वर्षांचा संसार झाला होता आणि तेवढ्या वर्षांत त्यानं बायकोकडे जेवताना मीठ सोडून काही मागितलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात मात्र तो म्हणाला, "माझ्यावर गवत वाढू देऊ नकोस, ऑर्फा." त्याचा धाकटा भाऊ हार्लन तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी टोपी हातात धरून उभा होता. ऑर्फा म्हणाली, "नाही वाढू देणार." हार्लननं ऐकलं, मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. नॉर्वेहून आलेल्या त्या लोकांत कबरीवर गवत वाढलं, की त्या मेलेल्याचं मागे कुणी उरलं नाही असं धरतात.

आणि सेल्मरला गवताचं जरा जास्तच होतं. टेकडीवरच्या दफनभूमीतलं गवत त्यानं छत्तीस वर्षं कापलं. दर शनिवारी, एप्रिल ते ऑक्टोबर. एका शनिवारी उभ्या रांगा, दुसऱ्या शनिवारी आडव्या, म्हणजे गवताला एका अंगावर झोपायची सवय लागू नये. त्यांचं घर टेकडीच्या पायथ्याशी, रस्त्याच्या अलीकडे. यंत्राचा आवाज थेट स्वयंपाकघरात यायचा आणि त्या आवाजावरून ऑर्फाला सगळं कळायचं. पहिल्यांदा थांबला, की सेल्मर ओकखाली पडलेल्या काटक्या उचलतोय. दुसऱ्यांदा थांबला, की आईच्या दगडावरची पाखरांची घाण रुमालानं पुसतोय. तो रुमाल नंतर धुवायचा कुणी, हा विचार त्याला कधी शिवला नाही. तिसऱ्यांदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही, की ऑर्फा कॉफी ठेवायची. कॉफी उकळायला आणि त्याचे बूट पायरीवर वाजायला एकच गाठ पडायची.

सहा वर्षं झाली तरी शनिवारी साडेचारला तिचे कान आपोआप टेकडीकडे लागायचे. कसला तिसऱ्यांदा थांबतोय आवाज, मुळात सुरूच होत नव्हता. तरी हात कॉफीच्या डब्याकडे जायचा.

तो आवाज बंद झाला त्याची गोष्ट अशी. सेल्मर एप्रिलात गेला. आता गवत कापायचं कुणी, यावर दफनभूमीचे तीन पंच भांडत बसले. हार्लन त्यातला एक. त्यात मे गेला, अर्धा जून गेला. आणि एका दुपारी ऑर्फाच्या मागच्या दारावर धडाधडा थापा पडल्या. दारात मर्ना पोस्पिशिलबाई. पलीकडच्या बोहेमियन, म्हणजे चेक लोकांच्या वस्तीतल्या, शाळेत चाळीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. केसांत कुसळं, दोन्ही गुडघे मातीनं भरलेले, धाप लागलेली.

"फोन आहे का? फोन करायचाय मला!"

"कुणी मेलं का?" ऑर्फानं विचारलं.

"मेलं नाही हो, सगळी जिवंत आहेत! सगळी!"

"कुठं?"

"वर, दफनभूमीत!"

ऑर्फानं आधी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मग पाणी दिलं.

पाणी पिऊन बाईंनी जे सांगितलं ते असं, की या टेकडीला नांगर कधी लागलेलाच नाही. पहिले नॉर्वेकर इथे आले तेव्हा आजूबाजूची सगळी जमीन नांगरण्याआधीच त्यांनी हा तुकडा मेलेल्यांसाठी कुंपण घालून ठेवला. त्यामुळे जुनी प्रेअरी, म्हणजे माणसं यायच्या आधीचं ते गवत, ती फुलं, सगळं तिथे खाली मुळांत शिल्लक राहिलं. वर यंत्र फिरत होतं म्हणून मान वर काढत नव्हतं, इतकंच. दोन महिने यंत्र फिरलं नाही तर एकेचाळीस प्रकारची झाडं बाईंनी रांगत रांगत मोजली होती.

ऑर्फानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे माझा नवरा छत्तीस वर्षं फुलं कापत होता?"

"त्यांना माहीत नव्हतं."

"मला तरी कुठे होतं? उलट मी त्याला कॉफी पाजत होते."

त्यानंतर पंधरा दिवस ती बाईंशी बोलली नाही. बाईंनी काही वाईट केलं नव्हतं. पण नवरा गेल्याला दोनच महिने झालेले असताना त्याच्या आयुष्यभराच्या कामाला कुणी चूक म्हणावं, हे कुठल्या बाईला रुचेल?

पंचांनी बाईंना पुढच्या मेपासून पाच वर्षं दिली, यंत्र न फिरवता. नंतर बघू म्हणाले. मग शनिवारी माणसं यायला लागली, पगाराशिवाय, आपापले हातमोजे घेऊन: बाईंचे जुने विद्यार्थी, एक दंतवैद्य, दोघी नर्स. ऑर्फा वर जायची ती यांच्यातलं कुणी सेल्मरवर पाय देत नाही ना, हे बघायला. पण माणसं डोळ्यांसमोर घाम गाळताहेत आणि आपण त्यांना कॉफी विचारायची नाही, हे तिला जमेना. कॉफीबरोबर मग लेफ्सेही आली, बटाट्याची ती पातळ पोळी, लोणी-साखर लावून गुंडाळलेली. दुसऱ्या वर्षी कुणीतरी तिच्यासाठी तिपाई आणली. आणि तिपाईवर नुसतं बसून राहणारी बाई ती नव्हेच, तेव्हा तिच्या हातात निळ्या औषधाची बाटली आली.

टेकडीच्या पश्चिम उतारावर तीन ओक आहेत, जुने, जाड सालीचे. उघड्या माळावर वाढलेला ओक हात आडवे पसरतो, गर्दीत वाढलेला नुसता वर पळतो, असं बाई सांगायच्या. हे तिघं उघड्यावरचे. ऑर्फाच्या लहानपणी चर्चची उन्हाळी जेवणं त्यांच्या सावलीत व्हायची आणि त्या फांद्यांखालून पार नदीपर्यंत दिसायचं. नंतर खाली बकथॉर्न माजला. काळी फळं, काटेरी फांद्या, ऑक्टोबर संपला तरी पानं हिरवी ठेवणारं हट्टी झुडूप. त्यानं तिन्ही ओकांना कंबरेपर्यंत गिळलं. खालच्या फांद्या अंधारात वाळल्या. माणसं करवतीनं बकथॉर्न कापायची आणि ऑर्फा मागोमाग तिपाई सरकवत प्रत्येक बुंध्यावर निळ्या औषधाचा बोळा फिरवायची, नाहीतर एकाच्या जागी पाच फुटतात. निळ्या रंगाचं कारण एवढंच, की कुठला बुंधा राहिला ते कळावं. रंग बोटांवरून आठ-आठ दिवस जात नसे. रविवारी चर्चच्या दारात हात मिळवताना पाद्री म्हणाले, "ऑर्फा, या वयात शाळेत नाव घातलंस की काय?"

"घातलं," ती म्हणाली. "पहिल्या बाकावर बसते."

चौथ्या वर्षी पहिल्या ओकाखालून पुन्हा नदी दिसली. ऑर्फा कितीतरी वेळ बघत उभी राहिली. हे कुणाला तरी दाखवावं असं तिला वाटलं, आणि ज्याला दाखवायचं तो तिच्या पाठीमागे पन्नास पावलांवर झोपलेला होता.

असं ते दोन्ही चालू राहिलं. शनिवारी आठ वाजता आधी सेल्मरवरचं गवत कातरायचं, मग नऊ वाजता उरलेली टेकडी वाढावी म्हणून राबायचं. बाई त्या चौकोनाबद्दल कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. दगड नवरा-बायकोचा एकत्रच. डावीकडे सेल्मरचं नाव आणि दोन वर्षं, उजवीकडे ऑर्फाचं नाव, एक वर्ष, एक आडवी रेघ आणि पुढे कोरी जागा. स्वतःच्या बाजूला ती कात्री लावत नसे. तिथे अजून कुणी नव्हतं, मग नीटनेटकं ठेवायचं कुणासाठी? त्यामुळे तिच्या निम्म्या भागात जुलैत जांभळे तुरे यायचे, त्यांच्यावर फुलपाखरं भिरभिरायची, आणि सेल्मरचा निम्मा भाग शेजारी न्हाव्याकडून उठून आल्यासारखा.

"माझ्याकडे मी पोचायच्या आधीच पाहुणे जमलेत बघ," ती त्याला सांगायची.

पाचव्या वर्षाच्या एप्रिलात टेकडी जाळली. तसं दर दोन-तीन वर्षांनी करावं लागतं. जुनं वाळकं गवत जळालं की खालच्याला ऊन मिळतं, ओकाला जाड सालीमुळे काही होत नाही, आणि बकथॉर्नची पोरं मात्र मरतात. हार्लन ट्रॅक्टरवर पाण्याची टाकी घेऊन आला, न बोलावता. भावाचा दगड तडकला तर बघतो एकेकाला, असं म्हणत.

"एकदा पुरलं ना तुम्ही? आता परत जाळताय कशाला?" तो बाईंना म्हणाला. "या माणसांनी जन्मभर थंडी काढली, आता शेकोटी देताय होय?"

"तुम्ही पण या जवळ, ऊब घ्या," बाई म्हणाल्या.

"मला घाई नाही."

ऑर्फा हातात दांडा घेऊन उभी होती, टोकाला रबराचा जाड तुकडा, ठिणगी उडाली की हापटायला. आग वाऱ्याबरोबर वर चढली, दगडांच्या मधून वाट काढत, पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज करत. अर्ध्या तासात सगळी टेकडी काळी झाली. पांढरे दगड, काळी जमीन, आणि मध्ये तीन बाय आठचा हिरवागार चौकोन. आखूड ओलं गवत जळतंय कशाला! सगळ्यांची नजर तिथेच. ऑर्फानं मान खाली घालून जिथे ठिणगी नव्हती तिथेही रबर हापटलं.

मेच्या मध्यावर एका शनिवारी ती घरी येऊन मोरीपाशी कात्री पुसत होती. पात्यांवर काहीतरी चिकट, फडक्याला सुटेना. नखानं खरवडलं आणि सवयीनं बोट नाकाशी नेलं.

ती तिथेच खुर्ची ओढून बसली.

तो वास तिनं सत्तर वर्षांत घेतला नव्हता. तिच्या वडिलांच्या शेताच्या कडेनं रेल्वेचा रूळ जायचा आणि रुळाच्या कडेला वडिलांपेक्षा उंच, पिवळ्या फुलांची झाडं उभी असायची. त्यांच्या देठावर डिंकाचे मणी येत. ऑर्फा आणि तिची थोरली बहीण व्हरडेल ते मणी खुडून चघळत, जबडा दुखेपर्यंत. आधी कडू, मग देवदारासारखा गार वास. एकदा व्हरडेलनं तो डिंक ऑर्फाच्या वेणीत चिकटवला आणि आईनं वेणीच कापली. पुढे रूळ उखडले, ती पट्टीही नांगराखाली गेली. व्हरडेल गेली त्यालाही आता वीस वर्षं झाली. तो वास जगात शिल्लक असेल असं ऑर्फाला वाटलंच नव्हतं.

ती पुन्हा वर गेली. सेल्मरवर ओणवी होऊन बोटांनी चाचपत राहिली. सापडलं. कातरलेल्या पानाचा खुंट, मांजराच्या जिभेसारखा खरखरीत, आणि काप दिलेल्या जागी पांढरट चीक. खणलेल्या खड्ड्याच्या अगदी कडेला, बरोबर सेल्मरच्या पोटाशी, जिथे त्याला नेहमी जळजळायचं. सहा वर्षं दर शनिवारी ती ते पान कापत आली होती आणि त्याला तण समजत होती.

पुढच्या बुधवारी ओकांखाली जादा काम काढलं होतं. ऑर्फानं तिपाई बाईंजवळ सरकवली.

"बाई, ते डिंकाचं झाड. उंच, पिवळ्या फुलांचं. ते किती जगतं?"

बाईंचा हात थांबला. "शंभर वर्षं. कधीकधी जास्तसुद्धा. मूळच दोन पुरुष खोल जातं. पानं उत्तर-दक्षिण धरून उभी राहतात, दुपारचं ऊन नुसत्या कडेवर झेलतात. का हो?"

"आणि कुणी ते सारखं कापत राहिलं तर?"

"मरत नाही लगेच. मुळातलं खाऊन परत पान काढतं. परत कापलं, परत काढतं. फूल मात्र कधीच येत नाही."

"चाळीस-एक वर्षं कापलं तर?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. बुंध्याकडेच बघत म्हणाल्या, "दमत असेल हो, ऑर्फा."

यावर ऑर्फानं एकाच बुंध्याला तीनदा औषध लावलं.

पुढे आला तो मेमोरियल डेचा आठवडा. मे संपताना त्या सोमवारी गावोगावची माणसं फुलं घेऊन आपापल्या मेलेल्यांकडे येतात, आणि यंदा तर पाच वर्षांची मुदतही तेव्हाच संपत होती. त्याआधीच्या गुरुवारी हार्लन ऑर्फाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. समोर रुबार्बचा पाय होता, सारण भरून भट्टीत भाजलेली जाड पोळीच म्हणा. आंबट देठांचा तो गोड पाय बघितला की त्याची टोपी आपणहून निघते.

"मंगळवारी आम्ही तिघं बसणार," तो म्हणाला. "बाकीचे दोघं मी म्हणेन ते म्हणतील."

"आणि तू काय म्हणशील?"

"गेल्या ऑगस्टमध्ये मला आई सापडेना, ऑर्फा. फुलं हातात घेऊन गोल गोल फिरलो. आई!"

"आई कुठे जाणार आहे, हार्लन?"

"थट्टा नको. एक सरळ विचारतो. तुमचं ते गवत एवढं थोर, तर तू सेल्मरवरचं कापतेस कशाला?"

ऑर्फानं टेबलावरचा चुरा हातानं गोळा केला.

"मी सांगतो. तुला पण आतून वाटतं, की गवत वाढू दिलं म्हणजे माणूस टाकला. स्वतःच्या नवऱ्याला झाडून-पुसून ठेवायचं आणि आमच्या आईबापावर जंगल. असलं कसलं काम तुमचं?"

"वचन दिलं होतं. तू होतास तिथं."

"होतो. म्हणूनच म्हणतो." त्यानं काटा खाली ठेवला. आवाज उतरला. "तो माझा पण भाऊ होता. आमच्या घरात कुणी काही मागत नाही, ऑर्फा. त्यानं मागितलं. तू वचन मोडायची नाहीस, मला माहितीये. मोडू पण नकोस. मग मला पण माझ्या आईवरून यंत्र फिरवू दे."

"आणि मी मोडलं तर?"

हार्लन हसला. "तू सेल्मरवर गवत वाढू दे, मी सगळ्या टेकडीवर वाढू देतो. झालं?" आणि पायचा दुसरा तुकडा स्वतःच वाढून घेतला.

शनिवारी आठ वाजता ऑर्फा वर गेली. पोतं दुमडलं, गुडघे टेकले, कात्री उघडली. पान पुन्हा चार बोटं वर आलं होतं. कोवळं, कडेला खाचा पडलेलं, आणि खरंच बाई म्हणाल्या तसं, उत्तर-दक्षिण धरून ताठ.

"हे बघ," ती सेल्मरला म्हणाली, "तू उभ्या-आडव्या रांगा घालायचास ना, याच्याइतकी सरळ तुझी एक पण नव्हती."

सेल्मर काही बोलला नाही. जिवंत असतानाही अशा वेळी तो बोलत नसे.

"तू मला वचनात अडकवून गेलास. मी सहा वर्षं पाळलं. गुडघे गेले माझे. आणि इतकी वर्षं वर येऊन मी काय करते? पंधरा मिनिटांत तुला भादरते आणि कामाला लागते. केर काढावा तशी. तुला काय हवं होतं रे? गवत नको होतं, की मी विसरू नये एवढंच हवं होतं? नीट सांगायचं होतंस. मीठ मागायचास तेव्हा सुद्धा नुसता हात पुढे करायचास, समजायचं मी."

खाली रस्त्यावर टपालवाल्याची गाडी हळू झाली. ऑर्फानं गवताला न लावताच कात्री मिटली आणि मोकळा झालेला हात वर केला. टपालवाल्यानं इतक्या जोरात हात केला की गाडी खड्ड्याच्या कडेला गेली.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. भिंतीवरच्या सेल्मरच्या फोटोसमोरून जाताना ती लगबगीनं जायची, उधारी राहिलेल्या दुकानासमोरून जावं तशी. सोमवारी लोक आले, फुलं ठेवून गेले. कुणीतरी म्हणालं, ऑर्फा थकली वाटतं, सेल्मरकडे बघणं होत नाही आता. तिनं ते ऐकलं. मंगळवारी ती दिवसभर स्वयंपाकघरात कान देऊन बसली. हार्लनचं यंत्र आलं नाही. त्याबद्दल तो नंतर कधी बोललाही नाही. फक्त जूनभर तिच्याकडे रुबार्बचा पाय खायला आला नाही, आणि त्याच्यासाठी यापेक्षा मोठी शिक्षा कुठली नव्हती.

जूनच्या अखेरीला सेल्मरवरचं गवत घोट्याच्या वर आलं. दाढी न करता चर्चला आल्यासारखा दिसायचा तो. एका शनिवारी ऑर्फाला राहवलं नाही, ती कात्री घेऊन फाटकापर्यंत गेली, तिथे जरा उभी राहिली आणि परत फिरली. जुलैत डिंकाच्या झाडाची पानं हातभर झाली. फूल कधी येईल म्हणून तिनं बाईंना विचारलं. बाई सहज बोलून गेल्या, "आता मुळात जोर धरू दे, तीन-चार वर्षं लागतील," आणि मग ओठ चावला. ऑर्फा ऐंशीची होती.

"असू दे," ऑर्फा म्हणाली. "घाई कुणाला आहे? मी आणि ते शेजारीच असू."

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी कामाची सुट्टी होती. भुट्ट्यांची जत्रा होती ना, सगळे तिकडे. ऑर्फा एकटीच वर गेली. तीन बोटांच्या तुऱ्याचं ते उंच गवत, टर्कीच्या पंजासारखं, आता तिच्या डोक्याच्याही वर गेलं होतं, देठ तांबूस-निळे, वाऱ्यानं एकदम वाकायचे आणि एकदम उठायचे. ती आत शिरली. फाटकापासून तिसरी रांग, मग डावीकडे. दगड नव्हता. चौथी रांग बघितली. नव्हता. मागे वळली तर फाटकही दिसेना.

डोळे मिटून जिथे चालत जाईल ती जागा, आणि तिला नवरा सापडत नव्हता. सहा वर्षांत तिनं त्याला कधी शोधलंच नव्हतं. शोधायची गरज काय होती? तो रस्त्यावरून दिसायचा.

"सेल्मर?" ती मोठ्यानं म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली. अशी हाक तिनं मागच्या दारातून मारली होती, हजारदा, जेवण निवतंय म्हणून. पुन्हा मारली. दोन्ही हातांनी गवत बाजूला करत ती पुढे सरकली, कुसळं तोंडावर येत होती, गाल ओले झाले होते आणि ते तिला उशिरा कळलं. त्या भागातली माणसं उघड्यावर रडत नाहीत. प्रेतयात्रेलासुद्धा ती बर्फाचा आणि पावसाचा विषय काढतात. सेल्मरला पुरलं त्या दिवशी ऑर्फानं चाळीस जणांना कॉफी ओतली होती आणि एकाही कपाबाहेर थेंब सांडू दिला नव्हता.

मग हाताला थंड लागलं. दगडाची कड. तिनं गवत बाजूला केलं आणि त्याचं नाव बोटानं चाचपलं, अक्षर अक्षर, पहिल्यांदा वाचत असल्यासारखं.

ती खाली बसली, पोतं न घेताच, दगडाला पाठ टेकून. वर गवत पुन्हा मिटलं. फक्त आकाशाचा एक ताटाएवढा तुकडा आणि सगळीकडून सळसळ. रस्त्यावरून टपालवाल्याची गाडी गेली, हळू झाली, वेग घेऊन निघून गेली. त्याला दिसली नाही ती. कुणालाच दिसत नव्हती. ऑर्फाच्या ध्यानात आलं, की लग्नाआधी सेल्मर तिच्याकडे यायचा तेव्हा दोघांच्या मध्ये कायम एक आत्या विणकाम घेऊन बसलेली असे, आणि तो गेल्यापासून या सहा वर्षांत अख्खा रस्ता त्या आत्यासारखा बघत बसला होता. आज पहिल्यांदा दोघंच होती. मग ती बोलायला लागली. ओकाखालून नदी दिसते ते सांगितलं. व्हरडेलचा डिंक सांगितला. शनिवारी साडेचारला कान कुठे लागतात तेही सांगितलं, जे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मधेच थांबून डोळे पुसायची गरज नव्हती, तेव्हा तिनं ते वाहू दिले.

खाली गाडीचं दार आपटलं. फाटक वाजलं.

"ऑर्फा!" हार्लनचा आवाज. "ऑर्फा, वर आहेस का?"

गवत मोडत तो जवळून गेला, लांब गेला, पुन्हा वळला. "अगं, कुठं आहेस? रुबार्ब संपलं का विचारायला आलो होतो!" मग जरा थांबून, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं, "आणि हा सेल्मर कुठं गेला?"

ऑर्फानं हसू फुटू नये म्हणून निळ्या बोटांनी तोंड दाबून धरलं. दगडाला खांद्यानं हळूच ढोसलं.

"गप्प बस," ती कुजबुजली. "जाईल तो."